कर्ज फिटलं, तरी बाबांचं मन का लागत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, नोकरीला चाकणला. त्यानं विचारलंय ते थोडक्यात असं: वडील 54 वर्षांचे, नऊ एकर कोरडवाहू. पोळ्यापासून त्यांचं बोलणं कमी होत गेलं. पहाटे तीनला उठतात आणि ओसरीवर बसून राहतात. जेवण निम्म्यावर आलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा तिपटीनं वाढला. शेतात जातात, धुऱ्यावर (बांधावर) बसतात, परत येतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणीसुद्धा यंदा शेजारच्या पोराकडून करून घेतली. गावातल्या डॉक्टरनं तीनदा सलाईन लावलं, ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. आईनं सैलानीच्या दर्ग्याला नेऊन आणलं. "गेल्या हंगामात कापूस आणि तूर दोन्ही साधली, मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरलं, सावकाराचंही मिटवलं. मग आता कशाचं टेन्शन? कारणच सापडत नाही. आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं तर बहिणीची सोयरीक जुळताना आड येईल, असं काका म्हणतात."

तुम्ही एवढं सगळं लिहिलं, त्यात मी थबकलो तो खांदशेकणीपाशी. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. घरात दाणा नसला, बँकेची नोटीस आली असली, तरी आपल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी आपल्याच हातानं लावायचं आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्याच्या कानाशी म्हणायचं, हे शेतकरी दुसऱ्यावर सोपवत नाही. तुमच्या बाबांनी ते सोपवलं. ज्यात जीव होता त्यातून जीव निघून जाणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे, उदास वाटण्याइतकंच वजनदार. आपल्याकडचे पुरुष "मी उदास आहे" असं तोंडानं म्हणतच नाहीत. माझ्या 22 वर्षांच्या ओपीडीत हे वाक्य मी पन्नाशीच्या शेतकऱ्याकडून क्वचितच ऐकलं असेल. ऐकतो ते असं: "काई नाई डाक्टर सायेब, आंग जड पडते." "डोक्यातून गरम वाफा निघते." "पोटात गोळा उठते, घाबरा सुटते." किंवा नुसतं, "झोप येऊन नाई रायली."

त्यामुळे आमच्याकडे माणूस पोहोचतो तो प्लास्टिकच्या पिशवीसकट. पिशवीत दोन ईसीजी, एक सोनोग्राफी, डोक्याचा सीटी स्कॅन, 'ताकदीच्या' सलाईनच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी चुरगळलेलं झोपेच्या गोळ्यांचं पाकीट. बोलते बायको. तो खुर्चीच्या कडेवर बसून टोपी या हातातून त्या हातात करत असतो. मी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारतो, "वेचणीला किती मजूर लावले यंदा?" चांगला असलेला शेतकरी या प्रश्नावर दहा मिनिटं बोलतो, मजुरीचा दर, कोणी गावाबाहेरून आणले, किती कापूस अजून झाडावर आहे, सगळं. आजारी असलेला बायकोकडे पाहतो आणि म्हणतो, "तिलेच माईत."

निदानाची रीत तशी साधी. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन खिन्न किंवा कशातच रस नाही; आणि त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक व वजन उतरणं, थकवा, हालचाली संथ होणं किंवा उलट एका जागी बसवत नाही अशी तगमग, निर्णय घेता न येणं, 'माझ्यामुळेच सगळ्यांचं वाटोळं झालं' अशी अपराधी भावना, मरणाचे विचार. यांपैकी मिळून पाच लक्षणं असली की आम्ही नैराश्य म्हणतो. तुमच्या लिहिण्यात चार-पाच तर सरळ दिसतात. पहाटे तीनला डोळा उघडणं आणि सकाळ सगळ्यात जड जाणं हे तर नेहमीचंच. मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून खात्रीचा शिक्का मारत नाही; पण माझ्या घरचा माणूस असता तर याच आठवड्यात नेला असता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कारणच सापडत नाही, असं तुम्ही म्हणता.

विदर्भात कारणाची टंचाई कधीच नसते. 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी आलं, तेव्हापासून तर 'शेतकरी, कर्ज, आत्महत्या' ही साखळी सगळ्यांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की मधली कडी कोणाला दिसतच नाही. कर्ज खरं आहे, नापिकी खरी आहे, त्यांचा मनावर होणारा मारही खरा आहे. पण त्या माराखाली एक आजार उभा राहतो, त्याला स्वतःची लक्षणं असतात, स्वतःची चाल असते आणि स्वतःचे उपचार असतात, हे मधल्यामध्ये गळून जातं. मग दोन्हीकडून माणूस मारला जातो. कर्ज असलं तर लोक म्हणतात, "एवढं डोक्यावर असल्यावर कोणालेही असंच होईन", आणि उपचार होत नाहीत. कर्ज नसलं तर म्हणतात, "सगळं चांगलं असताना काऊन नाटकं करून रायला?", आणि तेव्हाही उपचार होत नाहीत. तुमच्या घरी सध्या दुसरं चाललं आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन होतो. एक शेतकरी आला, हीच लक्षणं, डोक्यावर बँकेचं कर्ज. मी मनाशी म्हटलं, याला गोळी काय देणार, याचं दुखणं सातबाऱ्यावर आहे. त्याला धीर दिला, कर्जमाफीची बोलणी चालू आहेत, झाली की बरं वाटेल म्हणालो आणि पाठवून दिलं. 2008 ची कर्जमाफी आली. दोन हेक्टरच्या अटीमुळे आपल्याकडचे पुष्कळ कोरडवाहू शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिले होते, पण याची जमीन त्या अटीत बसत होती, याचं कर्ज माफ झालं. काही महिन्यांनी तो पुन्हा आला, आधीपेक्षा बारा किलोनं वाळलेला. बायको म्हणाली, "कागद आला घरी, यायनं वाचला बी नाई." त्या दिवशी औषध सुरू केलं, ते मी पहिल्या भेटीतच करायला हवं होतं. माणूस वाचला. ते माझं कर्तृत्व नव्हे, त्याच्या बायकोचं. तिनं त्या काळात त्याला एकटं सोडलं नव्हतं.

कर्ज फिटल्यावर आजार का यावा, याचं उत्तर कापसातच आहे. पावसाचा मोठा खंड पडतो, पराटी (कापसाचं झाड) तग धरून उभी असते, बोंडं लागलेली असतात. मग एके दिवशी जोरदार पाऊस येतो, सगळे म्हणतात वाचलं पीक, आणि त्यानंतर काही तासांत, फार तर दोन दिवसांत, हिरवीगार झाडं मान टाकतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे लोक त्याला आकस्मिक मर म्हणतात. त्यात कीड नसते, बुरशी नसते. झाड कोरड्यात ज्या पद्धतीनं जगायला शिकलं होतं ती पद्धत एकाएकी बदललेल्या ओलाव्यात चालत नाही. माणसाचंही काहीसं असं होतं. वर्षानुवर्षं ताण राहिला की शरीरातली ताणाची यंत्रणा, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं, झोपेचं चक्र, हे सगळं वरच्या पट्टीवर अडकून बसतं. मार्चमध्ये पावती हातात पडली म्हणून ती घडी मार्चमध्येच बसेल असं नाही. शिवाय माणसाला उभं ठेवणारी एक गोष्टही गेलेली असते. दहा वर्षं "हे फेडायचं आहे" या एका वाक्यावर तो पहाटे उठत होता. उपमा उपमेपुरतीच घ्या. तुमच्या बाबांच्या बाबतीत हेच झालं, असा माझा दावा नाही.

दावा एवढाच, की नैराश्याला एक कारण नसतं, बेरीज असते. जमिनीपासून सुरू करा. एकाच शिवारात एकाच खंडात बरडावरचं, हलक्या मुरमाड जमिनीतलं सोयाबीन सुकतं आणि काळ्या भारीतलं टिकतं. माणसाची जमीन म्हणजे आनुवंशिकता आणि लहानपण. आई-वडील, भावंडांत कोणाला नैराश्य असलं तर आपल्याला होण्याची शक्यता दोन ते तीन पटीनं वाढते. तुमचे आजोबा किंवा एखादी आत्या "वर्षभर खाटेवर पडून होती", "अबोल झाली होती" असं घरात कधी बोललं गेलंय का, ते आईला विचारा. अशा गोष्टी आजाराच्या नावानं नोंदलेल्या नसतात. विहिरीचं, करणीचं, "बाहेरचं" म्हणून सांगितलेल्या असतात.

मग शरीर. थायरॉईड मंदावणं, बी-12 कमी असणं (घर माळकरी, म्हणजे शाकाहारी असेल तर हे हमखास पाहा), रक्त कमी असणं, मधुमेह, लकवा येऊन गेलेला असणं, वर्षानुवर्षांचं कंबरेचं दुखणं, यांतलं काहीही नैराश्य आणू शकतं किंवा असलेलं चिघळवू शकतं. सांधेदुखीवर कोणी पुड्या देत असेल तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता धरा; त्यानंही मन बिघडतं. फवारणी करणाऱ्यांत, विशेषतः ऑर्गनोफॉस्फेट औषधांशी दीर्घकाळ संबंध आलेल्यांत नैराश्य जास्त आढळतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तेव्हा आपण हातमोजे आणि मास्कबद्दल बोललो. मनाबद्दल कोणी विचारलं नाही.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. नसेल तर उत्तमच. पण एकदा आईला एकटीला गाठून विचारा, कारण मुलाला ही बातमी शेवटी कळते. झोप लागावी म्हणून घेतलेली दारू झोपेची वीण उसवते, आणि काही महिन्यांनी दुखणं कुठलं नि दारू कुठली हे वेगळं करता येत नाही. खर्रा वाढणं हेही मी याच अंगानं पाहतो. निकोटिननं घटकाभर तगमग शमते, म्हणून पुडी पुन्हा उघडली जाते. त्यावरून आत्ताच भांडू नका.

आणि हे सगळं पुरुषांचंच दुखणं आहे असं समजू नका. बायकांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्यांची नोंद होत नाही, कारण सातबारा त्यांच्या नावावर नसतो. बचतगटाचा हप्ता, वेचणीचे वाकून गेलेले दिवस, आणि नवरा ओसरीवर गप्प. तुमच्या आईच्या झोपेची चौकशी केलीत का?

सरकारी रुग्णालयात नेल्यावर हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-12 आणि रक्तदाब एवढं तपासून घ्या. सीटी स्कॅनची गरज सहसा नसते. कारण शोधण्याचं काम एवढंच, बाकीचं उपचारासोबत उलगडत जातं. कारण सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. साप चावल्यावर कुठल्या बिळातून आला हे आपण पाहत बसत नाही.

सगळ्यात आधी मात्र एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो फोनवरून नको, समोर बसून विचारा. चार दिवसांची रजा टाका. संध्याकाळी धुऱ्यावर त्यांच्या शेजारी बसा आणि सरळ म्हणा, "बाबा, जीव नकोसा झाल्यासारखं वाटते का? मरून जावं असं मनात येते का?" लोक घाबरतात, की विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होईल. तसं होत नाही. उलट पुष्कळदा माणूस पहिल्यांदा श्वास सोडतो. उत्तर "हो" आलं तर भाषण देऊ नका, "आमचा विचार करा" म्हणू नका. तो विचार करूनच तो खचलेला असतो, आपण घराला भार आहोत असं त्याला वाटत असतं. "बरं झालं मला सांगितलं, आपण उद्याच दवाखान्यात जाऊ" एवढं पुरे. तोवर त्यांना एकटं ठेवायचं नाही. ते काही ठरवून बसलेत असं वाटलं तर उद्याचीही वाट न पाहता 108 ला फोन करून रात्रीच न्या.

उत्तर "नाही" आलं तरी फवारणीची औषधं घरातून हलवा. गोठ्यात, खाटेखाली, तुळईवर जिथे कुठे अर्धवट डबे असतील ते गोळा करून कुलपात, शक्यतो दुसऱ्याच्या घरी ठेवा आणि किल्ली बाबांकडे नको. याला मी औषधाइतकंच मोल देतो. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही तेवढ्यानं संपली नव्हती. मरणाची लाट पुष्कळदा काही मिनिटांची, काही तासांची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं.

यातच कायद्याचं सांगून टाकतो, कारण पोलिसांच्या भीतीनं लोक रुग्णाला दवाखान्यात उशिरा आणतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. तिची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी धरली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं 309 कलम राहिलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद होईल, जबाबही घेतील. त्यासाठी कोणाला घरी लपवून ठेवू नका.

कुठे न्यायचं? तुम्हाला सोयीचं यवतमाळ. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. वर्ध्याकडे नातेवाईक असतील तर सेवाग्राम आणि सावंगी ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक सामान्य रुग्णालयात बसतं आणि ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांतही जातं. वार कोणता ते आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला विचारा. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय ऐकून लोक दचकतात. तुमच्या बाबांना तिथे भरती करायची वेळ बहुधा येणारही नाही. हा आजार बहुतांश ओपीडीतच बरा होतो.

आणि आज रात्री, हे वाचून झाल्यावर, 14416 हा क्रमांक लावा. टेलिमानस. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. बाबांनीच बोलायला हवं असं नाही, घरच्यांनीही विचारलं तर चालतं. शेतकऱ्यांसाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्पही आहे, त्याचा सल्ला 104 वर मिळतो.

लोक मदत घ्यायला तयार नसतात, हे मला फारसं पटत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे 85 जण उपचाराबाहेर होते, हे खरं. पण आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर या आजाराबद्दल बोलायचं, साधं समुपदेशन करायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं, अशी रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांत मदत घेणारे जेमतेम 4 टक्के होते, दीड वर्षानं 27 टक्के झाले. 2017 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. गावं तीच, माणसं तीच. कोणीतरी दारात येऊन नीट विचारलं होतं.

औषधाबद्दल गैरसमज फार. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नेहमी वापरली जाणारी औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची दारू-खर्ऱ्यासारखी चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची, ज्या गावोगाव 'झोपेची' म्हणून महिनोन्‌महिने दिल्या जातात. बाबांच्या पिशवीत ती असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवा. नैराश्याच्या औषधाचा पहिला आठवडा अनेकदा त्रासाचाच जातो. मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्त तगमग. फायदा दिसू लागतो दोन ते चार आठवड्यांनी, पुरता सहा ते आठ आठवड्यांनी. तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून निम्मे लोक सोडून देतात असं माझं निरीक्षण आहे. उरलेले सोडतात ते जूनमध्ये. बरं वाटायला लागलेलं असतं, पेरणीची घाई असते, तालुक्याला यायला वेळ नसतो. मग पोळ्याच्या सुमारास पुन्हा तेच. बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते आणि बंद करताना हळूहळू उतरवावी लागते. घरात पंचविशीच्या आतलं कोणी हे औषध घेत असेल तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीनं सांगा: बाबांच्या आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की झोप न घेताही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, वाट्टेल ती खरेदी? तसं असेल तर आजार वेगळा, औषधही वेगळं.

गोळीबरोबर दिवसाची घडी. "मन लागलं की जाईन" असं ते म्हणतील. या आजारात गाडी उलटी जुंपावी लागते. आधी पाय हलतात, मन मागून येतं. पण "उठा, कामाला लागा" म्हणू नका, नऊ एकर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं आणि ते पुन्हा खाटेवर जातात. एवढंच ठरवा: सकाळी सात वाजता बैलांना पाणी दाखवायचं. आठवडाभर फक्त तेवढं. पुढच्या आठवड्यात धुऱ्याला एक फेरी, सोबत कोणीतरी. समुपदेशनात आम्ही बऱ्याच अंशी हेच करतो, फक्त शिस्तीनं आणि लिहून ठेवून.

सैलानीवरून आईशी वाद घालू नका. तिला रात्रभर जागत बसलेला नवरा दिसत होता आणि ती जिथे जाता येईल तिथे गेली. तिला श्रद्धा असेल तर पुन्हा जाऊ द्या. अट एकच, गोळी चुकवायची नाही, आणि कोणी मारहाण, उपास, बांधून ठेवणं असलं काही सुचवलं तर तिथून उठून यायचं.

काकांच्या शंकेला वजन आहे, मी ती झटकून टाकत नाही. आपल्याकडे सोयरिकीच्या आधी घराची चौकशी होते. पण विचार करा, चौकशीला आलेल्या पाहुण्यांना आत्ता काय दिसेल? दिवाळी होऊन गेली तरी झाडावर राहिलेला कापूस, आणि मुलीचा बाप त्यांच्याशी चार शब्द बोलत नाही. उपचार घेतलेला माणूस तीन महिन्यांनी त्याच पाहुण्यांसोबत बसून सोयाबीनचे भाव काढेल. ओपीडीची चिठ्ठी गावात कोणी वाचून दाखवत नाही. 2017 च्या त्याच कायद्यानं आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क केला आहे. कोणी विचारलंच तर "झोपेच्या त्रासासाठी यवतमाळला दाखवतो" म्हणा. हे खोटं नाही.

बाबांनाही असंच न्या. "बीपी दाखवायचं आहे" असं सांगून फसवून आणलेला माणूस पाटी वाचतो, आणि पहिल्या भेटीतला अर्धा वेळ त्याचा राग उतरवण्यात जातो. "झोप आणि भूक गेली आहे, त्याचे डॉक्टर आहेत, मी सोबत येतो" एवढं खरं सांगितलं तर बहुतेक येतात. नाहीच म्हणाले तर त्यांचा शब्द ज्यांच्यापुढे चालत नाही असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. थोरली बहीण, जुना सोबती, कीर्तनातला कोणी. त्याला आदल्या दिवशी घरी बोलवा. तरीही नाही जमलं, तर त्यांची वाट न पाहता तुम्ही आणि आई दोघंच ओपीडीला जाऊन बोलून या.

पिशवी सगळी आणा, रिकामी पाकिटंसुद्धा. सोमवारी गर्दी फार असते, मंगळवार-बुधवार बरा. सकाळी नाश्ता करून निघा, नंबर यायला दुपार होते. आत गेल्यावर आईला बोलू द्या, मग पाच मिनिटं तिला बाहेर बसवा. आणि बैलांची नावं काय आहेत ते डॉक्टरांना सांगून ठेवा. बाबा गप्प बसले तर तिथून सुरू करता येतं.